रुग्णनोंद : लिहावी नेमकी, लिहावी वेळेवर

(वरवे बुद्रुक, ता. भोर, जि. पुणे येथे आरोग्य कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार खरे पाहता डॉक्टरांचा आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. शासनाचा माहिती अधिकारी म्हणून माझा सारा व्यवहार शब्दांशी. नाडी कशी पाहावी हे मी आपणांस सांगू शकणार नाही. परंतु पाहिलेली नाडी कागदावर कशी उतरवावी, याविषयी चार शब्द बोलू शकेन. या भाषणातील वैद्यकीय बाबी मी जाणकारांकडून समजावून घेतल्या आहेत. मांडणी मात्र माझी आहे, आणि तिच्यातील उणिवांचे धनीपणही माझेच.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईला ताप आला म्हणून आम्ही तिला एका रुग्णालयात नेले. तेथे तिला एक इंजेक्शन देण्यात आले. काही मिनिटांतच तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घुसमटू लागला. डॉक्टर जवळच होते, त्यांनी तातडीने उपाय केले, म्हणून ती वाचली. घरी परतल्यावर मी तिची जुनी कागदपत्रे चाळली. तीन वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच एका दवाखान्याच्या चिठ्ठीवर तीन शब्द सापडले : ‘इंजेक्शन सोसले नाही.’ कोणते इंजेक्शन, किती मात्रा, किती वेळाने काय झाले, यांपैकी एकही गोष्ट तेथे नव्हती. इंजेक्शन तेच होते की वेगळे, हे आजही आम्हांला सांगता येत नाही.

ती चिठ्ठी लिहिणारा निष्काळजी होता, असे मी म्हणणार नाही. त्याने लिहिण्याचे कष्ट घेतले होते. परंतु लिहिताना इंजेक्शनची कुपी त्याच्या समोर होती, रुग्ण समोर होता. त्यामुळे नाव लिहिण्याची गरज त्याला भासली नाही. रुग्णाची नोंद आपण स्वतःसाठी लिहीत नाही. आपण जेथे नसू, तेथे जो कोणी त्या रुग्णाला पाहील, त्याच्यासाठी ती लिहावयाची असते. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढील सर्व त्याचा विस्तार आहे.

आपल्या या भागात हे तत्त्व विशेषच महत्त्वाचे ठरते. वरवे बुद्रुक पुणे-सातारा महामार्गावर असले, तरी भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांतून निघालेला रुग्ण उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, भोरचे सरकारी रुग्णालय आणि अखेर पुण्याचे ससून असा टप्प्याटप्प्याने जातो. प्रत्येक टप्प्यावर माणसे बदलतात. आजार वाढलेला असतो, नातेवाईक भांबावलेले असतात, रुग्ण कित्येकदा बोलण्याच्या स्थितीत नसतो. अशा वेळी आरंभापासून अखेरपर्यंत रुग्णासोबत राहते ती हातातली चिठ्ठी.

घाटापलीकडचे एक उदाहरण

नोंदीचे सामर्थ्य पाहावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. भोरहून वरंध घाट उतरला की महाड तालुका लागतो. त्या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने त्या काळी धडधाकट माणसे व कोवळी मुले दगावत. गंभीर रुग्णांपैकी शंभरांतील २५ ते ३०, आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक, हाती लागत नसत. डॉक्टरांजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ थांबून, दंशानंतर काय काय घडते आणि कोणत्या क्रमाने घडते, याचे काळजीपूर्वक निरीक्षण केले व ते लिहून ठेवले.

त्या नोंदींतून एक सुसंगत चित्र उभे राहिले. आधी उलट्या, अंगाला दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, रक्तदाब चढलेला, आणि पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी. म्हणजे मृत्यूच्या आधी काही खुणा दिसतात आणि त्या ओळखल्या तर उपचाराला वेळ मिळतो. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तेव्हा त्या सैल करणारे औषध द्यावे, या विचाराने त्यांनी रक्तदाबावर वापरले जाणारे ‘प्राझोसिन’ हे औषध योजिले. त्याविषयीचा, त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेतचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आला. पुढे गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे एकापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? ‘विंचू चावला, रुग्ण अत्यवस्थ’ एवढेच कोणी शंभर वेळा लिहिले असते, तर त्या शंभर नोंदींतून काहीही निष्पन्न झाले नसते. घाम आधी की धाप आधी, हे समजण्यासाठी वेळ लिहावी लागते. हातपाय थंड होते की कोमट, हे समजण्यासाठी हात लावून पाहावे व तसे लिहावे लागते. आणि आजही विंचूदंशाचा रुग्ण पुढे पाठविताना दंशाची वेळ, प्राझोसिन दिले असल्यास त्याची मात्रा व दिल्याची वेळ चिठ्ठीवर नसेल, तर पुढची मात्रा केव्हा द्यावी, याचा पुढच्या डॉक्टरला अंदाजच बांधावा लागतो. अंदाज चुकला तर रक्तदाब नको तितका उतरू शकतो.

नोंदीचे चार भाग

नोंद कोणत्या क्रमाने लिहावी, याचा एक सुटसुटीत मार्ग लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानंतर तो जगभर पसरला. त्याचे सार आपल्या भाषेत चार प्रश्नांत सांगता येईल : रुग्ण काय म्हणाला? आपण काय पाहिले व मोजले? त्यावरून आपणांस काय वाटते? आणि आपण काय केले, पुढे काय करावयाचे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. भातलावणीचे दिवस आहेत. एक स्त्री उपकेंद्रात येते. घाईच्या वेळी आपण लिहितो : ‘ताप, अंगदुखी. गोळ्या दिल्या.’ आता हीच नोंद चार भागांत लिहून पाहा.

रुग्णाचे म्हणणे : ‘तीन दिवस ताप आहे. पोटऱ्या ठणकतात, चालवत नाही.’ आठवडाभर अनवाणी भातलावणी. उजव्या पावलाला जखम.

पाहिले व मोजले : सकाळी १० वाजून २० मिनिटे. ताप ३९.१ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला १०४, श्वास मिनिटाला २०, रक्तदाब ११०/७०. डोळे लाल. कावीळ नाही. धाप नाही. लघवी नेहमीप्रमाणे होते असे सांगते. औषधाची ॲलर्जी : विचारले, माहीत असलेली नाही.

काय वाटते : लेप्टोस्पायरोसिसचा संशय. हिवताप व डेंग्यू नाही ना, हे तपासणे आवश्यक.

काय केले : हिवतापासाठी रक्तनमुना घेतला. पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. १ गोळी १० वाजून ३० मिनिटांनी दिली. आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले. लघवी कमी होणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही झाल्यास एक क्षणही थांबू नये, असे तिला व तिच्या सासूबाईंना समजावून सांगितले. खाली सही, नाव, हुद्दा.

ही नोंद लिहिण्यास चार-पाच मिनिटे अधिक लागतात, हे मी मान्य करतो. परंतु या नोंदीवरून पुढचा डॉक्टर कामाला लागू शकतो. पहिल्या नोंदीवरून त्याला सारे पुन्हा विचारावे लागेल. आणि तोवर रुग्णाला ग्लानी आली असेल, तर विचारावयाचे कोणाला?

या नोंदीच्या दुसऱ्या भागात ‘नाही’ हा शब्द तीनदा आला आहे, याकडेही लक्ष द्यावे. जे पाहिले आणि आढळले नाही, तेही लिहावयाचे असते. ‘कावीळ नाही’ असे आज लिहिले असेल आणि परवा डोळे पिवळे दिसले, तर आजार दोन दिवसांत वाढला हे कळते. काहीच लिहिले नसेल, तर कावीळ नव्हती, की कोणी पाहिलेच नाही, हे कळावयास मार्ग उरत नाही.

शब्द रुग्णाचे, आकडे मोजलेले

पहिल्या भागात रुग्णाचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत. आपली मराठी या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. ‘चक्कर येते’ असे सांगणाऱ्या तीन माणसांना जरा अधिक विचारा. एक म्हणेल, ‘उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.’ दुसरा म्हणेल, ‘घर गरागरा फिरते.’ तिसरा म्हणेल, ‘चालताना झोक जातो.’ डॉक्टरांच्या दृष्टीने या तीन वेगळ्या वाटा आहेत. आपण तिघांपुढेही ‘चक्कर’ एवढेच लिहिले, तर रुग्णाने दिलेली माहिती आपल्याच हाताने पुसून टाकली असे होईल. कळ, ठणका, मुरडा, कणकण, आग, जडपणा हे शब्द अडाण्यांचे म्हणून टाकू नयेत. इंग्रजी संज्ञा लिहिता येत असेल तर अवश्य लिहावी. पण रुग्णाच्या शब्दाशेजारी, त्याच्या जागी नव्हे.

दुसऱ्या भागात याच्या उलट नियम. तेथे ‘खूप’, ‘थोडे’, ‘बरे’ हे शब्द टाळून आकडा लिहावा. ‘बाळाला धाप आहे’ यापेक्षा ‘एक मिनिट पूर्ण मोजले, श्वास ५६’ हे कितीतरी उपयोगी. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानले जाते. म्हणजे ५६ हा आकडा एका महिन्याच्या बाळात एक गोष्ट सांगतो आणि आठ महिन्यांच्या बाळात दुसरी. यास्तव वयही नेमकेच लिहिले पाहिजे.

औषधाचा आकडा लिहिताना दशांश चिन्हाची विशेष काळजी घ्यावी. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाच्या आधी शून्य हवेच. नाहीतर चिन्ह पुसट होऊन अर्ध्याचे पाच होतात. उलट पाच लिहिताना चिन्ह देऊन पुढे शून्य लिहू नये. पाचाचे पन्नास होण्यास वेळ लागत नाही. औषधाचे नाव सुवाच्य लिहावे. डॉक्टरांनी औषधे मूळ नावाने व वाचता येतील अशा अक्षरांत लिहावीत, हा दंडक भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या नियमांत घातला होता.

आणि निवाडा देणारे शब्द नोंदीत नसावेत. ‘रुग्ण ऐकत नाही’, ‘अडाणी कुटुंब’ असे शेरे पुढच्या माणसाचे मन आधीच कलुषित करतात. त्याऐवजी लिहावे : ‘रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस घेतल्या नाहीत. गोळ्या संपल्या, लावणीमुळे केंद्रावर येता आले नाही, असे सांगतात.’ पहिल्या शेऱ्यावर उपाय नाही. दुसऱ्या नोंदीवर आहे : पुढील वेळी गोळ्या घरी पोचविता येतील.

चूक झाली तर

लिहिताना चूक होणारच. तिच्यावर पांढरा रंग फासू नये, अक्षरावर अक्षर गिरवू नये, पान तर फाडूच नये. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येईल. शेजारी बरोबर शब्द, तारीख व सही करावी. काही लिहावयाचे राहून गेले आणि दुसऱ्या दिवशी आठवले, तर ‘उशिरा केलेली नोंद’ असे म्हणून त्या दिवसाच्या तारखेने लिहावे. खाडाखोड केलेली नोंद न्यायालयात टिकत नाही हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, एका पानावरचा विश्वास उडाला म्हणजे साऱ्या वहीवरचा उडतो.

आता अनेक ठिकाणी वहीबरोबर टॅबलेट व संगणक आले आहेत. त्यांमुळे अक्षर न लागण्याची अडचण दूर झाली. परंतु मागील भेटीची माहिती तशीच उतरविण्याचा मोह नवा निर्माण झाला. गेल्या महिन्याचे वजन या महिन्यात पुन्हा उमटले, तर यंत्र काही तक्रार करीत नाही. गर्भवतीचे वजन वाढत नाही, ही धोक्याची सूचना मात्र त्यामुळे एक तर हरवते, नाहीतर नसताना दिसू लागते.

खऱ्या नोंदीची किंमत

आशा भगिनींपैकी कोणाच्या मनात येईल की, हे सारे शिकलेल्यांचे काम आहे. त्यांना मी गडचिरोली जिल्ह्याची आठवण देतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. या बायकांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. त्या बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत, आणि ते लिहून ठेवीत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, कामाच्या तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर हजारी सुमारे २५ होता, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो हजारी सुमारे ६० होता. आरंभी दोन्हीकडे तो हजारी ६० च्या आसपास होता. हा बदल काळजीमुळे झाला, हे खरे. परंतु तो झाला हे जगाने मान्य केले, ते नोंदी विश्वासार्ह होत्या म्हणून. आज देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी ज्या गृहभेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

येथे अधिकारी बंधूंना एक विनंती करावीशी वाटते. नोंद खोटी होते ती बहुधा आळसामुळे नव्हे, भीतीमुळे. मृत्यूची नोंद केली की चौकशी, कमी वजनाचे बाळ लिहिले की खुलासा, असे असेल तर वहीतील बाळे सशक्त होतील आणि घरातील बाळे तशीच राहतील. ज्या सेविकेच्या वहीत वाईट बातमी आहे, तिला आधी विचारावे, ‘तुम्हांला कोणती मदत हवी?’ खुलासा नंतर मागता येईल.

गावाने काय करावे

ग्रामपंचायत सदस्यांच्या हातीही पुष्कळ आहे. उपकेंद्रात लिहिण्यास टेबल आहे का, भिंतीवरचे घड्याळ चालू आहे का, वजनकाटा बरोबर आहे का, हे पाहावे. आपल्याकडचा पाऊस आपण जाणता. नोंदवह्या दमटपणापासून वाचविण्यासाठी एक बंद कपाट हवे. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत अग्रक्रमाने याव्यात.

तद्वतच हेही ध्यानी ठेवावे की, वही गावात असली तरी ती गावाची नव्हे. कोणाला कोणता आजार आहे, ही चावडीवर बोलण्याची गोष्ट नाही. एचआयव्हीसारख्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. नोंद सुरक्षित राहील असा भरवसा असेल तरच रुग्ण खरे सांगेल. आणि त्याने खरे सांगितले तरच खरी नोंद होईल. रुग्णाला स्वतःला मात्र आपली नोंद मिळण्याचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपावयाची आहेत आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावयाची आहेत.

शिक्षकांना मी एकच काम सुचवितो. निबंध व पत्रलेखन आपण शिकवताच. त्यांच्या जोडीला मुलांना घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांची यादी करावयास सांगावी : औषधाचे नाव, मात्रा, वेळ, आणि कोणते औषध सोसत नाही ते. ही यादी जुन्या चिठ्ठ्यांसह घरात एका पिशवीत राहावी आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी आधी हातात घ्यावी. ज्या घरात आजी-आजोबा एकटे असतात व मुले पुण्याला नोकरीस, तेथे याचा उपयोग सर्वांत अधिक होईल.

मित्रहो, माझ्या आईच्या पिशवीत आता एक कार्ड असते. तिला दिलेल्या त्या इंजेक्शनचे नाव, मात्रा, तारीख, किती मिनिटांनी काय झाले, आणि खाली डॉक्टरांची सही. तीन-चार ओळींचा मजकूर आहे. तिला आता फारसे वाचता येत नाही. पण कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ती आधी ते कार्ड पुढे करते. प्रत्येक रुग्णाच्या हाती अशा तीन-चार नेमक्या ओळी देणे आपणां सर्वांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवी इमारत लागत नाही. रुग्ण समोर असतानाच लेखणी उचलावी लागते, एवढेच.